धाकट्या जावेचा लेख

बुधवारी चार वाजता आम्ही मुलुंड पूर्वेच्या एका वाचनालयात जमतो. आम्ही म्हणजे चौघं. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या एक बाई, वीज कंपनीत आयुष्य काढलेले एक काका, बुधवारी घरून काम असतं म्हणून तासभर निसटू शकणारी एक आयटीवाली मुलगी, आणि मी. एका मासिकाचे आम्ही चौघंही वर्गणीदार. अंक आला की वाचून यायचं आणि ग्रंथपालांनी मागवलेला चहा पीत त्यातल्या लेखांवर बोलायचं, एवढंच. बोलणंही फार खोलात जात नाही. काका म्हणणार, "हा लेख निम्मा केला असता तरी चाललं असतं." बाई म्हणणार, "शुद्धलेखन बघा जरा." मुलीला आवडलं की "भारी", नाही आवडलं की "पकवलंय". सगळ्यांत बारीक वाचणारी मी. समासात पेन्सिलीनं खुणा करून नेते. त्यामुळे शेवटी तिघंही माझ्याकडे बघतात, मी काय म्हणते ते ऐकायला. मला ते फार आवडतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं त्यात या आवडण्याचा हात मोठा आहे.

गेल्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावरचा एक बुधवार. त्या महिन्याचा अंक मला टपालानं मिळालाच नव्हता. न वाचता जायची माझी ती पहिलीच वेळ, म्हणून आधीच ओशाळल्यासारखं झालं होतं. मी पोचले तेव्हा बाई आणि काका अनुवादावरच्या कुठल्याशा लेखावरून हुज्जत घालत होते. तेवढ्यात मुलगी घाईघाईनं आली, पाठीवरची बॅग टेबलावर टाकली आणि म्हणाली, "ते राहू दे हो सगळं. खानावळीवाल्या सासूचं वाचलंत ना?"

"वाचलं की," बाई म्हणाल्या. "मी तर दोनदा वाचलं."

"मी तीनदा!"

"काय आहे ते?" मी विचारलं. "माझा अंक नाही आला अजून."

मग तिघंही एकमेकांचं बोलणं तोडत मला सांगायला लागली. लेखिकेची सासू. कोकणातून लग्न होऊन लालबागला आलेली. नवरा गिरणीत. एका खोलीत ती गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. लिहितावाचता येत नव्हतं. तिच्याकडे जेवणारा एक माणूस होता, तिच्याच गावाकडचा. जेवण झालं की तो तिच्या आईला तिच्या वतीनं पत्र लिहायचा. ती भाकऱ्या थापता थापता सांगायची, तो लिहायचा. असं कितीतरी वर्षं.

"आणि गंमत काय माहितीये," मुलगी पुढे सरकून म्हणाली, "त्याला लिहिताच येत नव्हतं. तो नुसत्या रेघा ओढायचा कागदावर!"

"गंमत ती नाहीच," काका म्हणाले. "गंमत ही, की तिला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती लांबलचक काही सांगायची तेव्हाही त्याचं पेन तेवढंच हलायचं आणि दोन शब्द सांगितले तरी तेवढंच."

"आणि तरी ती सांगत राहिली," बाई म्हणाल्या. "कारण दिवसभरात तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा तेवढा एकच माणूस होता. काय लिहिलंय हो बाईनं! आणि ती भाकरी थापताना डोळे मिटून घ्यायची ते वर्णन तर…"

"बघू तो अंक," मी म्हटलं.

लालबाग, कोकण, खानावळ, अशा सासवा त्या काळात शेकड्यांनी असतील, असं मी तोवर मनाला समजावत होते. पण भाकरी थापताना डोळे मिटणारी मी आयुष्यात एकच पाहिली होती. माझ्या सासूबाई.

लेखाच्या डोक्यावर नाव होतं माझ्या धाकट्या जावेचं. लग्नानंतरही ती माहेरचंच आडनाव लावते, म्हणून या तिघांना शंका यायचं काही कारण नव्हतं. मी पानं चाळली. अक्षरं दिसत होती, पण वाचलं जात नव्हतं. खुणा करायला हातात घेतलेली पेन्सिल मी पर्समध्ये परत ठेवली.

आता घरातलं थोडं सांगायला हवं. लालबागची खोली मी पाहिलेली आहे. लग्न झाल्यावर पहिलं वर्ष मी तिथंच काढलं. मग गिरणी गेली, सासरे गेले, आणि आम्ही भांडुपला आणि नंतर मुलुंडला आलो. सासूबाई कायम आमच्याकडे. माझ्या दिरानं, म्हणजे त्यांच्या धाकट्या मुलानं, पुढे प्रेमविवाह केला. मुलगी चेंबूरची, एका इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरीला. घर बौद्ध, आईवडील अकोल्याकडचे. सासूबाई दोन वर्षं तिच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. मग एका गणपतीत त्यांनी तिच्या हातचा चहा घेतला आणि विषय संपला. निदान तो संपला असं आम्ही सगळे धरून चाललो.

सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला, तेव्हा माझी नोकरीची सहा वर्षं शिल्लक होती. मी मुदतीआधी निवृत्ती घेतली. त्यापुढची तीन वर्षं त्यांना उठवणं, बसवणं, अंघोळ, लघवी, शी, पाठीला पावडर, सगळं माझ्याकडे. बाई ठेवून बघितली, त्यांनी तिला आठवड्यात पळवून लावली. धाकटी जाऊ गोरेगावला राहायची. तिला सुट्टी बुधवारी. तीच एकदा म्हणाली, "वहिनी, बुधवारी दुपारी मी येऊन बसत जाईन आईंजवळ. तुम्ही जरा बाहेर जा." त्या बुधवारांच्या जोरावर मी वाचनालयात जायला लागले. या चौघांच्या गप्पा तेव्हापासूनच्या. म्हणजे ती गोष्ट माझ्या घरात, माझ्या पलंगाशेजारी सांगितली गेली तेव्हा मी इथं, याच खुर्चीवर बसून कुणा तिऱ्हाईताच्या लेखावर मत देत होते.

इतक्या वर्षांत सासूबाईंनी मला त्या माणसाबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता. रेघांबद्दल नाही, पत्रांबद्दल नाही. त्यांना आईची आठवण येत असेल हेसुद्धा मला कधी सुचलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट लपवत नाही. त्याच मासिकाला मी दोनदा लेख पाठवले होते आणि दोन्ही साभार परत आले होते. जावेला त्या मासिकाची ओळखही मीच करून दिलेली. बुधवारी मी घरी परतले की ती माझे जुने अंक पिशवीत घालून घेऊन जायची. "वाचून आणून देते हं वहिनी." ती लिहिते, कुठं काही पाठवते, याचा मला पत्ता नव्हता.

"एवढं सगळं सासूनं सुनेला सांगितलं, म्हणजे सुनेनं किती केलं असेल तिचं," बाई म्हणत होत्या.

"मोठी सून कामाची नसणार," काका म्हणाले. "एक वाक्य आहे बघा शेवटी शेवटी. 'मोठ्या जाऊबाई घरी नसत, तेव्हा आम्ही दोघी बोलायचो.' त्यातच सगळं आलं."

"हो ना," मुलगी म्हणाली. "म्हातारीला टाकून फिरत असेल."

त्यांच्यातल्या कुणाचाही वाईट हेतू नव्हता. लेखातल्या माणसांबद्दल आपण असंच बोलतो. मीही बोलले आहे कितीदा. त्या क्षणी 'अहो, ती मोठी म्हणजे मी' एवढं म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण माझ्या तोंडून निघालं ते भलतंच.

"मला हे रचलेलं वाटतंय," मी म्हटलं.

तिघांनीही माझ्याकडे बघितलं.

"असं सासू सुनेला सांगत नाही हो. तीसुद्धा त्या पिढीतली, कोकणातली. परक्या पुरुषाजवळ बसून रोज बोलायची, हे ती धाकट्या सुनेला सांगेल? लेखिकेनं छान जमवलंय, पण जमवलेलं कळतं."

मग काकांनी मान हलवली. "तसं बघायला गेलं तर जरा नटवल्यासारखं आहे खरं." बाई म्हणाल्या, "शेवट मलाही जरा गोडच वाटला होता." मुलगीच तेवढी तोंड पाडून म्हणाली, "मला तर खरं वाटलं होतं यार." आणि माझ्या एका वाक्यानं तिघांचं मत फिरलं, याचा मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, चांगलाच झाला.

घरी आल्यावर यजमानांना अंक दाखवला. वाचनालयाचाच मागून आणला होता. त्यांनी चष्मा लावून सगळा लेख सावकाश वाचला आणि डोळे पुसले. "आईबद्दल किती चांगलं छापून आलंय. फोन कर की तिला."

"मला आधी सांगितलं का तिनं?"

"सांगायचं राहिलं असेल. तुझं काय बिघडलं त्यात?"

माझं काय बिघडलं ते त्यांना सांगता येण्यासारखं नव्हतं. मलाच धड कळत नव्हतं. तीन वर्षं मी त्या बाईचं अंग न अंग ओळखत होते. कुठल्या कुशीवर किती वेळ झोपवलं की पाठ लाल होते, हे मला घड्याळाशिवाय कळायचं. आणि त्यांच्या मनातलं जे काही होतं ते आठवड्यातून तीन तास येणारी घेऊन गेली, वर छापून मोकळी झाली. मला तिनं घेतलेली कीर्ती सलत होती, का सासूबाईंनी तिला जवळ केलं हे सलत होतं, हे वेगळं करून सांगता येणार नाही. दोन्ही एकातच गुंतलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी संपादकांना ईमेल लिहिली. वाचकांच्या पत्रांत छापावी, नाव देऊ नये, 'एक वाचक, मुलुंड' एवढंच लिहावं, अशी विनंती केली. पत्र चांगलं उतरलं होतं, हेही कबूल करते. भाषा सभ्य, मुद्दे नेटके. लेख वाचनीय असला तरी त्यातला मुख्य प्रसंग विश्वास ठेवण्याजोगा नाही, असं म्हटलं. त्या खोल्या किती लहान असत, माळ्यावर वाकून बसावं लागे, तिथं बसून कुणी रोज पत्र लिहीत असेल हे अशक्य, वगैरे. दिवंगत माणसाच्या तोंडी काहीही घालू नये, असं शेवटी लिहिलं. पाठवल्यावर चहा करून घेतला आणि तो फार चवीनं प्यायले.

पंधरा दिवस गेले. जावेचा फोन आला.

"वहिनी, अंक मिळाला ना? लेख वाचलात?"

"हो, वाचला. छान आहे."

"मी येणारच होते अंक घेऊन. पण ड्युट्या बदलल्यात. तुम्ही या ना रविवारी इकडे. जरा बोलायचं होतं."

तिच्या आवाजात काही वेगळं नव्हतं. मी मुलुंड-गोरेगाव जोडरस्त्यानं जाणारी बस पकडून गेले. दीर मुलाला घेऊन क्लासला गेले होते. घरी ती एकटीच. तिनं पोहे केले होते. माझ्या आवडीचे, दाणे न घातलेले. खाऊन झाल्यावर तिनं टेबलावरचा एक कागद माझ्यापुढे सरकवला.

"संपादकांनी पाठवलंय. एका वाचकाचं पत्र आहे. म्हणाले, पुढच्या अंकात छापतोय, उत्तर द्यायचं असेल तर द्या."

मी माझंच पत्र पहिल्यांदा वाचत असल्यासारखं वाचलं. मान खाली घालून, हळूहळू. शेवटच्या ओळीपर्यंत पोचले आणि तिथंच थांबून राहिले.

"वहिनी," ती म्हणाली, "माळ्याबद्दल मी लेखात काहीच लिहिलं नव्हतं. तो माणूस कोपऱ्यात बसायचा एवढंच लिहिलंय. मला माळा माहीतच नव्हता. लालबागची खोली मी पाहिलेली नाही."

बाहेर कुठल्या तरी घरात मिक्सर चालू होता. मी कागद तिच्याकडे परत सरकवला.

"मीच लिहिलंय," मी म्हटलं.

"हो. कळलं मला."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मीही चिडले असते. पण ती तशीच बसून राहिली, कागदाच्या कडा सरळ करत.

"रचलेलं नाहीये ते," ती म्हणाली. "मी फोनवर रेकॉर्ड केलं होतं. लिहायचं म्हणून नाही तेव्हा. माझ्या मुलाला आजीचा आवाज राहावा म्हणून. ऐकायचंय तुम्हाला?"

मला ऐकायचं नव्हतं. पण नाही म्हणायचं तोंड उरलं नव्हतं.

तिनं फोन टेबलावर ठेवला. आधी नुसती खरखर, मग आमच्या घरातल्या पंख्याची कुरकुर, आणि मग सासूबाई. चार वर्षांनी तो आवाज ऐकला आणि मी खुर्चीत सावरून बसले, पदर नीट केला. त्या हसत होत्या. तीन वर्षांत त्या माझ्यापुढे अशा हसलेल्या मला आठवत नाही. माझ्याशी बोलायच्या ते 'पाणी', 'कुशीवर कर', 'झाला', एवढंच.

"तो नुसते रेघो मारी," त्या सांगत होत्या. "माका कळा नाय काय? पण आयकी मां तो."

मग जाऊ काहीतरी बोलली, ते नीट ऐकू आलं नाही. आणि मग सासूबाईंचा आवाज एकदम खाली गेला. "थोरल्येक सांगा नको हां ह्या."

"का हो आई?" जावेचा आवाज.

"तिना माजा सगळा धुतल्यान, काडल्यान. तिच्याफुडे खयच्या तोंडान मोठेपणा सांगतलंय?"

जावेनं फोन बंद केला. "हे मी लेखात घातलं नाही," ती म्हणाली. "ते तुमचं आहे असं वाटलं."

मला रडू आलं असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण रडू आलं नाही. मला राग आला. ज्या हातांनी मी सगळं केलं, तेच हात मध्ये आले होते म्हणायचे. मी दर सकाळी त्यांना उघडं करत होते आणि म्हणून त्या माझ्यापुढे मिटून घेत होत्या. यात माझा दोष कुठला? आणि त्यांचा तरी कुठला? मग आपण रागवायचं कुणावर?

"तुझं नशीब बरं," मी म्हटलं. हे मला बोलायचं नव्हतं, पण बोलले.

तेव्हा मात्र ती पहिल्यांदा बदलली. तिनं माझ्याकडे सरळ बघितलं.

"वहिनी, त्यांनी मला कधी अंगाला हात लावू दिला नाही. तुम्हाला आठवतंय, एकदा तुम्ही परत आलात तेव्हा त्यांची चादर ओली होती?"

मला चांगलं आठवत होतं. तेव्हा मी मनातल्या मनात जावेला किती शिव्या दिल्या होत्या. तीन तास बसून होती, साधी चादर बदलता आली नाही महाराणीला.

"मी म्हटलं, आई, मी बदलते. मला कामाची सवय आहे, इस्पितळातली आहे मी. तर म्हणाल्या, 'नको, थोरली येवंदे.' दोन तास तशाच ओल्यात पडून राहिल्या आणि मला गोष्टी सांगत बसल्या. त्यांना माझी लाज वाटत होती, की दुसरं काही होतं, मला आजपर्यंत कळलेलं नाही. विचारायची हिंमत नाही झाली. घरी येऊन मी यांनाही सांगितलं नाही."

दुसरं काही म्हणजे काय, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोन वर्षांच्या अबोल्यात मी सासूबाईंच्या बाजूनं नव्हते, पण त्यांच्या विरुद्धही कधी एक शब्द बोलले नव्हते. मला सोयीचं तेवढं मी केलं होतं.

"हे का नाही लिहिलंस?" मी विचारलं.

"हे लिहिलं असतं तर लोकांनी तेवढंच वाचलं असतं. मला आईंबद्दल लिहायचं होतं."

"आणि माझ्याबद्दलचं ते एक वाक्य? मी घरी नसायचे म्हणे."

"तुम्हाला लेखात आलेलं आवडणार नाही असं वाटलं. म्हणून सगळं काढलं आणि एकच ठेवलं."

"नेमकं चुकीचं ठेवलंस."

"हो," ती म्हणाली. "छापून आल्यावर कळलं मला ते."

'चुकलं माझं,' असं मी म्हटलं. ती 'असू दे' म्हणाली नाही. उठून चहा ठेवायला गेली. मी तिथंच बसून फोनवरून संपादकांना दोन ओळी पाठवल्या, की माझं पत्र छापू नये, मी ते मागे घेते. चहा पिताना आम्ही तिच्या मुलाच्या क्लासबद्दल बोललो. निघताना तिनं माझे दोन जुने अंक परत दिले, सहा वर्षांपूर्वी नेलेले. तिच्या घराच्या पायऱ्या उतरताना माझ्या मनात काय आलं असेल? हेच, की तिच्या फोनमध्ये अजून किती तासांचं रेकॉर्डिंग आहे ते आपण विचारलं नाही.

पुढच्या बुधवारी मी वाचनालयात गेले आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं. "तो खानावळीचा लेख माझ्या धाकट्या जावेनं लिहिलाय. ती सासू माझी. आणि ती मोठी जाऊ म्हणजे मी. प्रसंग खरा आहे. मी त्या दिवशी खोटं बोलले."

काकांनी कप खाली ठेवला. "अहो, मी काहीतरी बोलून गेलो त्या दिवशी, कामाची नसणार वगैरे…"

"लेखावरून तसंच वाटतं," मी म्हटलं.

बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. मुलगी मात्र माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, हिला माझा राग आलाय. तिच्या आवडत्या लेखावर मी पाणी ओतलं होतं. पण ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही ओळखता तिला! बोलवाल का इथं? प्लीज!"

परत तोच सल. हिला मी समोर दिसत होते, पण बोलवायचं होतं तिला. मी "विचारून बघते" म्हटलं आणि तीन आठवडे विचारलंच नाही. चौथ्या आठवड्यात मुलीनं स्वतःच नंबर मागितला, तेव्हा नाइलाज झाला.

जाऊ आली ती साध्या सुती कुर्त्यात, रजा टाकून. मी तिच्यासाठी खुर्ची आणली. ग्रंथपालही काम सोडून येऊन बसले. सगळ्यांना तिला काही ना काही विचारायचं होतं. त्या माणसाचं पुढे काय झालं? पत्रं कधी गावाला पोचली का? ती नीट, थांबून थांबून उत्तरं देत होती. 'तो माणूस वहिनींच्या लग्नाआधीच गावी गेला असं आई म्हणायच्या.' 'पत्रं त्या स्वतःच टपालपेटीत टाकायच्या, पत्ता नसलेली.' हे मला नवीन होतं. मीही इतरांसारखीच कान देऊन ऐकत होते, आणि माझ्याच सासूची माहिती मला वाचनालयात मिळत होती.

मग बाईंनी विचारलं, "आणि तुमच्या या मोठ्या जाऊबाईंबद्दल कधी काही बोलायच्या का त्या?"

जावेनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती ते सांगणार. मला ते ऐकायचंही होतं आणि चौघांसमोर नकोही होतं.

"मी आठवड्यातून तीन तास असायचे हो," ती म्हणाली. "बाकी सगळा वेळ वहिनी होत्या. त्यांना विचारा तुम्ही."

सगळे माझ्याकडे वळले. माझ्याकडे गोष्ट नव्हती. मी म्हटलं, "त्यांना अंघोळीला पाणी फार कढत लागायचं. मी बादली आणली की आधी डाव्या पायाचा अंगठा बुडवून बघायच्या. गार असलं तर अंगठा वर धरून ठेवायच्या, बोलायच्या नाहीत. मी परत जाऊन तापवून आणायची. बरोबर असलं की अंगठा पाण्यातच राहायचा, आणि डोळे मिटायच्या. भाकरी थापताना मिटायच्या तसेच."

"अच्छा," मुलगी म्हणाली. जावेच्या तोंडाकडे मी बघितलं. तिनं ओठ दाबून धरले होते. हे तिला माहीत नव्हतं.

मी पुढे सांगितलं. पाठीवर एक जुना भाजल्याचा डाग होता, त्यावर पाणी घेताना त्या श्वास रोखायच्या. केस पुसताना गुणगुणायच्या, पण मी ऐकतेय असं वाटलं की थांबायच्या, म्हणून मी मुद्दाम बादलीचा आवाज करायची. पाचेक मिनिटं बोलले असेन. ग्रंथपालसुद्धा ऐकत होते. तेवढ्यात चहा आला, कप इकडून तिकडे गेले, आणि काकांनी या महिन्याच्या अंकातला नाटकावरचा लेख काढला. तो त्यांना पटला नव्हता. बाईंना पटला होता. जावेनं तो वाचला होता, तिनंही दोन वाक्यं सांगितली, आणि मुलगी तिच्या बाजूनं वाद घालायला लागली.

मला आणखी बरंच सांगायचं होतं.